बादलीचा कोर्स

शेवटच्या बॅचला तीनच मुलं होती, त्यामुळे टीमही एकच झाली आणि कोण कुणाच्या टीममध्ये यावरून दरवर्षी होणारं रुसणं-फुगणं यंदा वाचलं. हेरलेकर मॅडमना ते रुसणंही आठवत होतं. एखादी गोष्ट बंद व्हायची ठरली, की तिच्यातल्या कटकटींचीसुद्धा आठवण यायला लागते.

विद्यापीठाच्या कागदांवर कोर्सचं नाव 'वैद्यकशास्त्रातील गणिती प्रारूपे' असं भारदस्त होतं. मिरजेत ते नाव कुणी घेत नसे. सगळे म्हणायचे, बादलीचा कोर्स. कारण पहिल्या तासाला मॅडम टेबलावर एक निळी प्लास्टिकची बादली ठेवायच्या. तिच्या तळाला खिळा तापवून पाडलेलं एक भोक होतं. खाली परात, वरून तांब्याने पाणी.

"हे तुमचं शरीर," मॅडम म्हणायच्या. "वरून ओततेय ते औषध. खालून गळतंय ते तुमचं यकृत आणि मूत्रपिंड बाहेर टाकतंय. बादलीतली पातळी म्हणजे रक्तातलं औषधाचं प्रमाण. पातळी जितकी वर, तितकं गळणं जोरात. एवढं समजलं की निम्मा कोर्स झाला. उरलेल्या निम्म्यात भोक केवढं आहे ते बादली उलटी न करता ओळखायचं."

यंदा ओतताना त्यांचा हात थरथरला आणि अर्धं पाणी परातीबाहेर गेलं. एस्तेर कांबळे नावाची मुलगी, जी नर्सिंगचं शिक्षण संपवून आली होती, ती सवयीने उठून पुढे धावली.

"बस खाली," मॅडम म्हणाल्या. "सांडलेलं पाणीही हिशेबात धरायचं असतं."

एस्तेर बसली. तिच्या शेजारी डॉक्टरकीची इंटर्नशिप करणारा प्रणील मगदूम होता आणि पलीकडे गणिताची तस्नीम सतारमेकर. तस्नीमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सतारी बनवत. हिने गणित घेतलं म्हणून तिच्या आजीने महिनाभर अबोला धरला होता म्हणे.

"मॅडम, आमचा पेशंट कोण?" मगदूमने विचारलं. प्रत्येक टीमला एक खराखुरा पेशंट मिळायचा, त्याच्यासाठीच तर मुलं या कोर्सला यायची.

"इस्पितळाने यंदा पेशंट दिला नाही," मॅडमनी हात पदराला पुसले. "तेव्हा मीच."

*

इस्पितळाने पेशंट का दिला नाही, हे समजायला 'जुळं' म्हणजे काय ते सांगावं लागेल.

पूर्वी एका माणसाचं प्रारूप बांधायला, म्हणजे त्याचं शरीर समीकरणांत मांडायला, टीमचं अख्खं सत्र खर्ची पडायचं. रक्त तपासा, मोजा, समीकरण लिहा, चुकलं की पुन्हा लिहा. आता तसं राहिलं नव्हतं. मनगटावरचा पट्टा, कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढा संवेदक आणि चष्म्याच्या दांडीतला एक बारीक डोळा, एवढं दिलं की इस्पितळाचं यंत्र त्या माणसाच्या हजारो बादल्या एकमेकींना जोडून टाकायचं आणि प्रत्येकीचं भोक शोधून काढायचं. तेही चहा येईपर्यंत. मग यंत्रात त्या माणसाचं एक आकड्यांचं भावंड तयार व्हायचं. लोक त्याला जुळं म्हणत. औषध आधी जुळ्याला द्यायचं, काय होतं ते बघायचं आणि मग माणसाला.

जुळ्याला सगळं समजायचं, फक्त आपल्याला काय हवंय ते समजत नसे. रक्तदाब आणखी उतरवू की चक्कर कमी करू? चार वर्षं जास्त की चार तासांची झोप जास्त? ते लक्ष्य कुणीतरी माणसाने ठरवून द्यावं लागे. गेली काही वर्षं बादलीचा कोर्स तेवढ्यावरच तग धरून होता. टीम पेशंटपाशी बसायची, त्याचं ऐकायची, लक्ष्य ठरवायची. पण आता लाखो पेशंटांच्या निवडींवरून यंत्राने त्याचंही एक 'प्रमाण लक्ष्य' काढलं होतं. बहुतेकांना ते चालायचं. मग टीम कशाला आणि कोर्स तरी कशाला? विद्यापीठाचं पत्र आलं, त्यात आभार मानलेले होते.

मॅडमना कंपवात होता. मेंदूत हालचालींना वंगण घालणारं एक द्रव्य तयार होतं, ते बनवणाऱ्या पेशी त्यांच्या डोक्यात हळूहळू विझत चालल्या होत्या. सध्या गोळ्या चालू होत्या. सत्र संपलं की पोटापाशी एक पंप बसणार होता आणि तो पंप त्यांचं जुळं चालवणार होतं. त्या जुळ्याला लक्ष्य काय द्यायचं, हा या शेवटच्या टीमचा प्रश्न होता.

"लक्ष्य एकदा दिलं की जुळं त्याच दिशेने शिकत जातं," मॅडमनी मुलांना सांगितलं. "नंतर मागे फिरवणं जड जातं. तेव्हा नीट ठरवा. मी तुमची बाई आहे हे विसरा."

हे विसरणं कुणाला जमणार होतं! पण तिघांनीही माना डोलावल्या.

*

कोर्स सुरू केला तेव्हा मॅडम एकट्या नव्हत्या. बादलीला भोक पाडलं होतं ते डॉक्टर कुडचे यांनी. बाहुबली कुडचे. नाव बाहुबली आणि अंगाने काडी. ते मेडिसिनचे डॉक्टर, मूळचे कृष्णाकाठचे. सकाळची ओपीडी आटोपून दुपारी कोर्सवर यायचे, ते सरळ मागच्या बाकावर. खिशात कागदाच्या पुडीत भडंग, तेही कांदा न घातलेलं, कारण घरी जैनांचं कडक. मॅडम फळ्यावर लिहायच्या आणि डॉक्टर मागून कुरकुर आवाज करत खायचे. मॅडमचं अक्षर छापल्यासारखं असायचं. एक ओळ संपली की त्या वळून म्हणायच्या, "मान्य?" डॉक्टरांनी मान हलवली तर पुढे. नाहीतर वाद.

वाद घालावा तो त्यांनीच. मुलं अभ्यास सोडून ऐकत बसायची.

टीममध्ये एकाला 'खोडरबर' करायचं, ही पद्धत मॅडमची. माणसं समीकरणात पदं वाढवत जातात, कमी करत नाहीत, असा त्यांचा अनुभव होता. म्हणून दर शनिवारी खोडरबराने एका पदावर बोट ठेवायचं आणि बाकीच्यांनी ते का हवं ते पटवून द्यायचं. पटलं नाही तर ते पद गेलं. याला 'खोडणी' म्हणत. खोडणी चालू असताना पेशंटने समोर बसायचं, पण विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हाही मॅडमचाच नियम. डॉक्टरांनी त्यात भर घातली ती इतकीच, की खोडरबराच्या गळ्यात दोऱ्याने एक खरं खोडरबर अडकवायचं.

आणि आणखी एक नियम डॉक्टरांचा होता, ज्यावरून दोघांत वर्षानुवर्षं जुंपली.

पहिल्याच वर्षी एका टीमला रेल्वेतून निवृत्त झालेले एक गार्ड पेशंट म्हणून मिळाले होते. हृदय थकलेलं, पायांवर सूज. अंगातलं पाणी उतरवणारी गोळी कधी द्यायची, एवढाच प्रश्न. गार्डसाहेब रोज संध्याकाळी जंक्शनवर जाऊन गाड्या बघायचे. टीमने त्या फेरीचं पदही समीकरणात घेतलं होतं. खोडणीत बोट त्याच्यावर पडलं. हृदयावर त्या फेरीचा काही परिणाम दिसत नव्हता. शेवटी गार्डसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "ठेवा की. कारण असं काही नाही." कारण नाही म्हटल्यावर पद खोडलं. गोळी दुपारी द्यावी असं उत्तर आलं. ते बरोबरच होतं, रात्री दम लागणं थांबलं. फक्त दुपारी गोळी घेतली की संध्याकाळभर संडास-बाथरूमच्या आसपास राहावं लागे आणि जंक्शन बंद पडलं. महिनाभराने गार्डसाहेबांनी गोळीच सोडली. कुणाला सांगितलं नाही. पुढे ते गेले.

डॉक्टर त्या दिवशी भडंग न खाता बसले होते. मग म्हणाले, "बाई, उद्यापासून नियम करूया. शेवटच्या दिवशी पेशंटला एक शब्द. खोडलेलं कुठलंही एक पद तो परत ठेवू शकतो. आणि कारण विचारायचं नाही."

"हे गणित नाही, डॉक्टर. हा धर्मादाय कारभार झाला," मॅडम फणकारल्या होत्या. "कारण सांगता येत नसेल तर पद राहणार नाही."

"कारण सांगता येत नाही म्हणजे कारण नाही, असं कुठल्या प्रमेयात लिहिलंय हो?"

नियम झाला. मॅडमनी दरवर्षी त्याला विरोध केला आणि दरवर्षी तो पाळला. एका बाईने सोमवारचा उपास परत घेतला, एका शिंप्याने डाव्या कुशीवर झोपणं. एकाने तंबाखू मागितली, तेव्हा मात्र डॉक्टर बाकावरून ओरडले होते, "नियम माझा आहे, तंबाखू नाही!"

डॉक्टर निवृत्त झाले तरी मागच्या बाकावर येत राहिले. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी ओपीडीच्या जुन्या सवयीने शर्ट चढवताना ते खाली बसले ते उठलेच नाहीत. स्वतःचं जुळं त्यांनी कधी करू दिलं नव्हतं. "मी एकटाच पुरे की," म्हणायचे.

*

सत्राच्या मध्यावर एका शनिवारी खोडणी चालू होती. टेबलावर भडंग होतं, कारण ती प्रथा पडली होती. मॅडम पेशंटच्या खुर्चीत होत्या.

"एक तफावत आहे," तस्नीम म्हणाली. खोडरबर तीच होती, दोऱ्यातलं रबर बोटांत फिरवत होती. "दुपारची गोळी चढते तेव्हा मॅडमचा हात स्थिर असतो, बोलणं भरभर असतं. जुळ्याचं भाकीतही तेच. पण तेव्हाच्या बोलण्यात मध्येमध्ये थांबणं येतं. एक वाक्य झालं की थोडं थांबणं. आणि नजर उजवीकडे, मागे. जुळ्याने त्यासाठी स्वतःहून एक पद वाढवलंय."

"कसलं पद?" एस्तेरने विचारलं.

तस्नीमने मॅडमकडे पाहिलं. "मॅडम, तुम्हाला दुपारी काही दिसतं का? जे नसतं असं?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. उत्तर जरा जास्तच लवकर आलं.

मगदूमने ते नोंदवलं आणि खोडणी संपली. मुलं निघाली. तस्नीम दप्तर आवरायचं निमित्त करून रेंगाळली.

"मॅडम, तुम्हीच पहिल्या तासाला सांगितलंत. पेशंटने खोटं सांगितलं तर चूक आपल्या प्रश्नाची." तिने गळ्यातलं रबर काढून टेबलावर ठेवलं. "मी प्रश्न बदलून विचारू?"

पोरीने मॅडमचंच हत्यार त्यांच्यावर उगारलं होतं, आणि त्यांना त्या परिस्थितीतही तिचं कौतुक वाटलं.

"विचार."

"मागच्या बाकावर कोण बसतं?"

खिडकीबाहेर कुणीतरी सायकलचं कुलूप उघडत होतं. मॅडमनी पदर सारखा केला.

"कुडचे डॉक्टर," त्या म्हणाल्या. "ते नाहीत हे मला ठाऊक आहे. मी त्यांच्या अंत्यविधीला गेले होते. गोळीचं प्रमाण वर गेलं की मेंदू स्वतःच चित्रं काढायला लागतो, हे मीच शिकवते. पण दिसतात. बोलत नाहीत. नुसते बसतात."

"आत्ता आहेत?"

"आहेत."

"काय करतायत?"

"भडंग खातायत." मॅडमना हसू आलं आणि त्याच क्षणी डोळेही भरले. "परवा मी फळ्यावर चिन्ह चुकवलं. अधिकच्या जागी उणे हवं होतं. त्यांनी मान हलवली नाही. तेव्हा मी पुन्हा तपासलं आणि चूक सापडली. आता ती चूक माझ्याच डोक्याला कुठेतरी कळली असणार, दुसरं काय. पण तस्नीम, तीन वर्षं मी त्या बाकाकडे पाठ करूनच शिकवत होते गं. गोळ्या सुरू झाल्या आणि मला माझा वर्ग परत मिळाला."

तस्नीम वळली. तिचं दप्तर मागच्या बाकावर पडलं होतं. ती तिथे गेली, दप्तर उचललं आणि पुढच्या बाकावर ठेवलं. कुणाला जागा करून द्यावी तसं.

*

टीमपासून लपवायचं नाही, असं मॅडमनीच सांगितलं. पुढच्या शनिवारी मगदूमने भिंतीवर दोन रेघा दाखवल्या. जुळ्याने काढलेल्या.

पहिली जवळजवळ सपाट होती. पंपाने औषध दिवसभर थेंबथेंब सोडायचं. पातळी चढणार नाही, उतरणारही नाही. सकाळपासून झोपेपर्यंत हात स्थिर, पाय मोकळे. चढच नाही म्हटल्यावर बाकावरही कुणी नाही. प्रमाण लक्ष्य हेच होतं.

दुसऱ्या रेघेत दुपारी एक टेकाड होतं. टेकाडावर डॉक्टर. पण चढ आला की उतार आलाच. त्यामागे संध्याकाळी खड्डा. खड्ड्यात हात थरथरणार, पाय जमिनीला चिकटल्यासारखे होणार.

"हे पद खोडायलाच हवं," मगदूम म्हणाला. "याच्या बाजूने कोण बोलतंय?"

खोडरबराला बाजू घेता येत नाही, म्हणून तस्नीम गप्प. एस्तेर म्हणाली, "दुपारी मॅडम खूष असतात."

"खूष हे माप नाही. मॅडमच सांगतात."

मॅडम समोर बसल्या होत्या. त्यांचंच वाक्य. उलट उत्तर जिभेवर आलं होतं, पण पेशंटने बोलायचं नाही हाही त्यांचाच नियम. इतक्या वर्षांत इतके पेशंट या खुर्चीत बसून गेले, त्यांना कसं वाटत असेल याचा विचार त्यांनी कधी केला नव्हता.

"आणि तू इतका तावातावाने का बोलतोयस?" एस्तेरने मगदूमला विचारलं.

मगदूमने पेन खाली ठेवलं. "माझ्या आजोबांना आधी मांजर दिसायचं. आम्ही हसायचो. 'मांजराला दूध दिलं का?' विचारायचो. मग त्यांना माणसं दिसायला लागली. मग ते दाराला आतून कडी लावून बसले आणि आईला चोर म्हणाले. शेवटपर्यंत आईला ओळखलं नाही त्यांनी." तो मॅडमकडे वळला. "सॉरी मॅडम. पण आज ते गप्प बसलेत. उद्या बोलायला लागले तर? आणि ते नाहीत हे उद्या तुम्हाला ठाऊक नसेल तर?"

एस्तेर हळूच म्हणाली, "आणि संध्याकाळी घरी एकट्याच असता. पडलात म्हणजे?"

पद खोडलं गेलं. पद्धत मॅडमचीच होती आणि तिच्यात कुठे चूक नव्हती.

*

पंप बसवण्याआधी सपाट रेघ अंगी लागते का, हे पाहायला इस्पितळाने कमरेला बांधायचा एक तात्पुरता पंप दिला. मॅडमनी गोळ्यांऐवजी तो आठवडाभर वापरला.

तो आठवडा, खरं सांगायचं तर, झकास गेला. चहाचा कप बशीत वाजला नाही. संध्याकाळी त्या बाजारात पायी जाऊन मेथीची जुडी घेऊन आल्या. साडीच्या निऱ्या पहिल्या फटक्यात बसल्या. वर्गात खडू हातात घेतला तर जुनं अक्षर परत आलं होतं, छापल्यासारखं. एका बाजूने दुसऱ्या बाजूपर्यंत फळा भरला. मुलं बघतच राहिली.

मॅडम वळल्या. "मान्य?"

मागचा बाक रिकामा होता. लाकडावर ऊन पडलं होतं आणि कुणा जुन्या मुलाने कर्कटकाने कोरलेलं नाव त्यात स्पष्ट दिसत होतं. मॅडम थांबल्या होत्या, मान हलायची वाट बघत. मग भानावर येऊन त्या पुन्हा फळ्याकडे वळल्या आणि लिहीत गेल्या.

तास संपल्यावर तस्नीम फळ्यापाशी आली. "मॅडम, तिसऱ्या ओळीत चिन्ह..."

मॅडमनी पाहिलं. अधिकच्या जागी उणे हवं होतं. सुरेख, घोटीव अक्षरात तिथे अधिक लिहिलं होतं. त्यांनी तळहातानेच ते पुसलं. हात अजिबात थरथरत नव्हता, आणि त्याचाच त्यांना राग आला.

*

शेवटचं सादरीकरण सकाळी ठेवलं होतं. पूर्वी त्या दिवशी सभागृह भरायचं, पेशंट घरून चिवडा-लाडू घेऊन यायचे, एकदा तर एका टीमच्या पेशंटने सनईवाला आणला होता. यंदा तीन मुलं, मॅडम आणि इस्पितळाचे एक अधिकारी, सबनीस. सबनीस भला माणूस होता. त्यांनी येताना मॅडमसाठी फुलं आणली होती.

मगदूमने सगळं मांडलं. दोन्ही रेघा दाखवल्या, धोके सांगितले. टीमची शिफारस सपाट रेघेची, असं म्हणून तो थांबला.

"उत्तम," सबनीस म्हणाले. "म्हणजे प्रमाण लक्ष्यच. तसं भरून टाकू ना?"

"एक राहिलं," तस्नीम म्हणाली. "पेशंटचा शब्द."

सबनीसना ठाऊक नव्हतं. तिने नियम समजावून सांगितला. सांगताना ती गळ्यातलं रबर घट्ट धरून होती.

मॅडम उठल्या. त्या क्षणी त्यांना स्वतःचीच चिडचिड आठवली. दरवर्षी याच दिवशी त्या मागच्या बाकाकडे डोळे वटारायच्या. हा नियम म्हणजे गणिताच्या पोटात खुपसलेली सुरी आहे, असं एकदा त्या भर वर्गात म्हणाल्या होत्या. डॉक्टर हसले होते. आठवडाभर त्यांनी स्वतःशी कारणं जुळवून पाहिली होती. चिन्हाच्या चुका सापडतात, हे कारण तस्नीमच्या हुशारीपुढे टिकत नव्हतं. एकटेपणा म्हणावं तर त्यावर एस्तेरजवळ चांगले उपाय होते. एकेक पद खोडत गेलं की खाली काहीच उरत नव्हतं. आणि तरी ते हवंच होतं. मुलाने आईचा पदर धरावा इतकं साधं ते हवं होतं.

"ठेवा," त्या म्हणाल्या.

"काय ठेवायचं?" सबनीसनी विचारलं.

"मागच्या बाकाचं पद."

सबनीस गोंधळले. "म्हणजे दुसरी रेघ? संध्याकाळचा त्रास पत्करून? मॅडम, मला नोंदवावं लागेल. कारण काय लिहू?"

"कारण विचारायचं नाही," मगदूम म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो लाल झाला होता.

"नियम आहे, सर. कारण विचारायचं नाही." त्याने भिंतीवर आणखी एक रेघ आणली. त्याने ती आधीच करून ठेवली होती. "टेकाड थोडं बुटकं केलंय. दुपारी तासाभरापुरतंच. मग खड्डाही तेवढा खोल जात नाही. संध्याकाळी मॅडमजवळ आम्हा तिघांपैकी कुणीतरी असेल, आळीपाळीने. आणि एक अट आहे."

"कोर्स तर आज संपला," मॅडम म्हणाल्या.

"हो. पण आमचा पेशंट संपला नाही." त्याने नव्या रेघेखाली बोट ठेवलं. "अट अशी. रोज जो येईल तो, वर्ग असो वा घर, तुम्हाला विचारणार, मागच्या बाकावर कोण आहे? तुम्ही म्हणायचं, कोणी नाही. ज्या दिवशी तुम्ही 'डॉक्टर आहेत' म्हणाल, त्या दिवशी रेघ सपाट करायची. तेव्हा मात्र पेशंटचा शब्द चालणार नाही. आजोबांना हे आम्ही कधी विचारलं नाही."

अट मॅडमच्या लगेच लक्षात आली. हयात समीकरणं सोडवण्यात गेली होती. डॉक्टरांना ठेवायचं तर रोज, न चुकता, स्वतःच्या तोंडाने म्हणायचं की ते नाहीत. जड होतं. पण गणित म्हणून त्यात खोट नव्हती, आणि डॉक्टर असते तर त्यांनी या पोराच्या पाठीवर थाप मारली असती.

"मान्य," मॅडम म्हणाल्या.

सबनीसनी पडद्यावरचा अर्ज उघडला. मग 'इतर' असं लिहिलेल्या रकान्यात बोट टेकवलं आणि कारणाची जागा मोकळी सोडली.

एस्तेर पुढे आली. तिने मॅडमची नाडी पाहिल्यासारखा त्यांचा हात हातात घेतला. हात थरथरत होता, कारण तात्पुरता पंप परत गेला होता आणि सकाळची गोळी अजून चढायची होती. टेबलाखाली निळी बादली तशीच पडून होती, आत परात ठेवलेली.

"मग आजपासूनच सुरू करू," ती म्हणाली. "मॅडम, मागच्या बाकावर कोण आहे?"

मॅडमनी मागे वळून पाहिलं. बाकावर कुणाचं दप्तर नव्हतं. मुलांनी तो मुद्दाम मोकळा ठेवला होता. नीट, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत त्यांनी पाहून घेतलं.

"कोणी नाही," त्या म्हणाल्या.

मगदूमने ते नोंदवलं. उत्तर अगदी खरं होतं. सकाळची वेळ होती, ओपीडी सुटायला अजून अवकाश होता.